वर्गणी कोण भरत होतं? नियतकालिकांच्या अभ्यासातला एक सुटून जाणारा प्रश्न

नियतकालिकांवर प्रबंध करायचा म्हटलं की सगळे पहिली गोष्ट सांगतात ती म्हणजे अंक वाचा. ते बरोबरच आहे. पण अंक वाचताना आपली नजर अग्रलेखावर जाते, निबंधावर जाते, फार तर वाचकांच्या पत्रांवर जाते. मुखपृष्ठाच्या तळाशी किंवा मलपृष्ठावर बारीक टायपात जे छापलेलं असतं ते आपण ओलांडून पुढे जातो. तिथे वर्गणीचा दर असतो, टपाल हशील किती ते असतं, थकबाकीदारांना विनंती असते, कुणाकुणाचे पैसे पोचले त्याची यादी असते. आज मला या बारीक टायपाबद्दलच लिहायचं आहे. लेखकानं वाचकांकडून पैसे मागायला सुरुवात केली की त्याच्या लिहिण्याचं काय होतं, आणि ज्याचे वाचक पैसे देऊच शकत नाहीत त्याचं काय होतं, हे दोन प्रश्न त्यात आहेत. उदाहरणं मुख्यतः दोनच घेतो: विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ आणि डॉ. आंबेडकरांचं ‘बहिष्कृत भारत’.

आधी पैसे कोण देत होतं?

6 जानेवारी 1832 ला बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केलं तेव्हापासून मराठीत वर्गणीदार हा प्राणी आहे. पण पुढची तीस-चाळीस वर्षं बघितली तर मराठी छपाईचा मोठा भार वाचकाच्या खिशावर नव्हता. तो दुसरीकडे होता.

एक म्हणजे सरकार. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची. इंग्रजांनी ती हळूहळू आवरती घेतली आणि त्यातला काही पैसा मराठी ग्रंथांना बक्षिसं देण्याकडे वळवला. त्यासाठी 1851 मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी आली. शाळांसाठी लागणारी क्रमिक पुस्तकं, भाषांतरं, व्याकरणं यांचा ग्राहक शिक्षणखातंच होतं. मराठी मजकूर कसा असावा यावर मेजर कँडींसारख्या अधिकाऱ्याचा शब्द चालायचा तो यामुळेच. जो पैसे देतो तो मजकूर तपासतो, इतकं ते सरळ होतं.

दुसरं म्हणजे मिशन. 1842 मध्ये अहमदनगरला सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’मागे अमेरिकन मराठी मिशन होतं. वर्गणीदार कमी झाले म्हणून असं पत्र लगेच बंद पडत नाही, कारण त्याचं उद्दिष्टच वेगळं असतं.

म्हणजे 1870 च्या आसपास एखाद्या मराठी लेखकाला ‘मला माझ्या मनाचं लिहायचं आहे’ असं वाटलं, तर पहिला प्रश्न विचारांचा नव्हता. कागदाचे आणि छापखान्याचे पैसे कोण देणार, हा होता.

एकच लेखणी, दोन मासिकं

इतिहासात प्रयोगशाळेसारखी तुलना क्वचितच मिळते. इथे ती जवळजवळ मिळते.

विष्णुशास्त्री चिपळूणकर 1868 पासून ‘शालापत्रक’ या मासिकाचं काम बघत होते. हे मासिक शिक्षणखात्याचं, वाचक मुख्यतः शाळामास्तर आणि विद्यार्थी. त्यात सरकारी धोरणावर आणि मिशनऱ्यांवर टीका येऊ लागली आणि 1875 मध्ये सरकारनं ते बंद केलं. विषय संपला. वाचकांना काय वाटतं हे विचारायची कुणाला गरजच नव्हती, कारण मासिक वाचकांचं नव्हतंच.

पण त्याआधी, जानेवारी 1874 मध्ये, विष्णुशास्त्र्यांनी स्वतःचं मासिक सुरू केलं होतं: ‘निबंधमाला’. जवळपास सगळा मजकूर एकट्याच्या हातचा. पहिलाच निबंध मराठी भाषेच्या तेव्हाच्या स्थितीवर. पुढे भाषापद्धती, लेखनशुद्धी, विद्वत्त्व आणि कवित्व, ग्रंथांवर टीका कशी करावी, वाचन, वक्तृत्व. विषय बघितलेत तर लक्षात येईल की माला बरीचशी लिहिणाऱ्यांसाठी, किंवा लिहू बघणाऱ्यांसाठी होती. मराठीत नीट गद्य कसं लिहावं हे मराठीतच, दर महिन्याला, पैसे घेऊन सांगणारं हे मासिक. आज एखादा लेखक एकट्याच्या जिवावर न्यूजलेटर काढतो आणि वाचकांकडून वर्गणी घेतो, त्याचा पणजोबा शोधायचा तर तो इथे सापडतो.

माला सात वर्षं चालली. 84 अंक निघाले. तोच लेखक, तोच तिखटपणा, सरकारबद्दलचं मतही तेच. एक मासिक सरकारच्या एका निर्णयानं संपलं. दुसरं चालू राहिलं, कारण ते बंद करायला कुणाकडे तसा सोपा हुकूम नव्हता.

इथे थांबून एक सावधगिरी. ‘वर्गणीनं लेखक स्वतंत्र झाला’ असं वाक्य प्रबंधात लिहायचा मोह होतो. लिहू नका. माला काढत असताना विष्णुशास्त्री सरकारी हायस्कुलात शिक्षक होते. घर पगारावर चालत होतं. त्यांची रत्नागिरीला बदली झाली, आणि 1879 मध्ये त्यांनी नोकरी सोडली. 1 जानेवारी 1880 ला पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. म्हणजे मालेची वर्गणी छापखान्याचा खर्च भागवत असेल, पण तिनं लेखकाचं पोट भरलं असं समजायला आधार नाही. वर्गणीनं मजकूर मोकळा केला. माणूस मोकळा व्हायला आणखी पाच वर्षं लागली, आणि तोही शाळा काढून.

पैसे पोचणार कसे?

आपल्याला वाटतं की वर्गणी हा मनाचा प्रश्न आहे. वाचकाला मासिक आवडलं, त्यानं पैसे दिले. प्रत्यक्षात तो आधी टपालाचा प्रश्न होता.

1854 च्या आधी पत्राचं हशील अंतरावर ठरायचं. त्या वर्षीच्या कायद्यानंतर पाव तोळ्याच्या पत्राला देशभर अर्धा आणा असा एकच दर झाला. वजन महत्त्वाचं झालं, अंतर नाही. त्यामुळे पुण्यात छापलेला अंक नागपूर, बडोदे, इंदूरच्या मराठी माणसाकडे जाणं शक्य कोटीतलं झालं. नियतकालिकांचा भूगोल या एका बदलानं किती बदलला यावरच कुणीतरी स्वतंत्र प्रबंध लिहायला हवा.

पण अंक जाणं सोपं झालं तरी पैसे येणं सोपं नव्हतं. तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. टपालाची व्ही. पी. पद्धत आली 1877 मध्ये. एका पैशाचं पोस्टकार्ड आलं 1879 मध्ये. टपालखात्याची मनिऑर्डर सुरू झाली 1880 मध्ये. ‘निबंधमाला’ सुरू झाली 1874 मध्ये, म्हणजे या तिन्हींच्या आधी! बाहेरगावचा वर्गणीदार पैसे पाठवणार ते येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती, पेढीमार्फत, नाहीतर पाकिटात टपालाची तिकिटं घालून.

मग त्या काळच्या अंकांत वारंवार दिसणाऱ्या दोन गोष्टींचा अर्थ लागतो. एक, वर्गणीचे दोन दर: आगाऊ भरली तर कमी, मागाहून भरली तर जास्त. दोन, थकबाकीदारांना केलेली विनंती, जी दर काही महिन्यांनी अधिकाधिक कडू होत जाते. पहिल्या वेळी ‘कृपा करून’ असतं, तिसऱ्या वेळी नावं छापण्याची धमकी असते. अंक चालू ठेवायचा आणि पैशाची वाट बघायची, हा त्या धंद्याचा रिवाज होता. म्हणजे संपादक वाचकाला उधार देत होता. वर्गणीदारांचा आकडा मोठा दिसला म्हणून पैसा आला असं होत नाही. कित्येक वर्गणीदार नुसतेच यादीत असत.

उलट बाजूचंही एक उदाहरण देतो, कारण उधारी दोन्हीकडून चालते. विष्णुशास्त्र्यांनी मालेत ज्यांच्यावर विस्तारानं लिहिलं त्या डॉ. जॉन्सननी 1756 मध्ये लंडनला शेक्सपिअरच्या नाटकांच्या आवृत्तीसाठी आगाऊ वर्गणी गोळा करायला सुरुवात केली. पुस्तक पुढच्या वर्षाअखेर द्यायचं कबूल केलं होतं. ते आलं 1765 मध्ये. मधल्या काळात लोकांनी त्यांची छापील टिंगल केली. आगाऊ वर्गणी घेणं म्हणजे वाचकाचा विश्वास उसना घेणं, आणि त्याला मुदत असते.

वर्गणी भरणाऱ्याची आवड

सरकार गेलं, मिशन नको, वाचक आला. पण वाचक म्हणजे कोण?

1870 च्या दशकात मराठी मासिकाची वर्गणी भरू शकणारा माणूस म्हणजे ज्याला वाचता येतं, ज्याच्याकडे रोख पैसा येतो, आणि ज्याचा पत्ता टपालवाल्याला माहीत आहे. तो कारकून असेल, मामलेदार असेल, वकील असेल, शाळामास्तर असेल, संस्थानातला अधिकारी असेल. या वर्गात ब्राह्मण आणि इतर लिहित्या जातींचंच प्राबल्य होतं. ‘निबंधमाले’नं जोतीराव फुल्यांच्या ‘गुलामगिरी’ची आणि सत्यशोधक समाजाची जी खिल्ली उडवली, ती वाचताना हा वाचक डोळ्यासमोर ठेवा. त्या लेखनानं वर्गणीदार दुखावला जाण्याचा धोका फारसा नव्हता. ज्यांना ते लागणार होतं ते यादीत नव्हते.

वर्गणीसाठीच विष्णुशास्त्र्यांनी फुल्यांवर लिहिलं असं मी म्हणत नाही. त्यांची मतं त्यांची होती. मी एवढंच म्हणतो की सरकारविरुद्ध लिहायला धैर्य लागलं, आणि फुल्यांविरुद्ध लिहायला लागलं नाही. हा फरक मजकुरातून दिसत नाही, वर्गणीदारांच्या यादीतून दिसतो.

याच वाचकवर्गानं केलेलं एक मोठं काम मात्र विसरू नये. 1878 मध्ये जनार्दन बाळाजी मोडक, काशीनाथ नारायण साने आणि विष्णुशास्त्री यांनी ‘काव्येतिहाससंग्रह’ सुरू केला. जुनी कविता, बखरी, ऐतिहासिक कागद दर महिन्याला हप्त्याहप्त्यानं छापायचे, अशी कल्पना. ना विद्यापीठाचं अनुदान, ना फेलोशिप. आज मराठेशाहीवर काम करणारे आपण ज्या छापील साधनांचे हवाले देतो, त्यांतली काही पहिल्यांदा बाहेर आली ती अशा वर्गणीवर.

वाचकच गरीब असेल तर?

आता दुसरी बाजू. 1 जानेवारी 1877 ला पुण्यात कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधु’ सुरू केलं. सत्यशोधक विचारांचं पत्र, शेतकरी-कष्टकरी वाचकांसाठी. ते पैशाअभावी थकलं, आणि 1880 मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत पुन्हा उभं केलं. गिरण्यांची मुंबई, म्हणजे महिन्याला मजुरी मिळणारे लोक. जागा बदलण्यामागे इतरही कारणं असतील, पण रोख पैसा कुठे आहे हे बघितल्याशिवाय हे स्थलांतर नीट कळत नाही.

याहून अवघड गोष्ट ‘बहिष्कृत भारत’ची. त्याआधी 31 जानेवारी 1920 ला ‘मूकनायक’ निघालं तेव्हा शाहू महाराजांनी 2500 रुपयांची मदत केली होती. सुरुवातीचं भांडवल आश्रयदात्याचं, पुढचं चालवणं वाचकांच्या जिवावर. 1923 पर्यंत ते थांबलं. मग 20 मार्च 1927 ला महाडला चवदार तळ्याचं पाणी घेतलं गेलं, आणि दोन आठवड्यांनी, 3 एप्रिलला, ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक आला.

हे पाक्षिक डॉ. आंबेडकरांनी जवळजवळ एकहाती चालवलं. चोवीस-चोवीस रकाने स्वतः लिहून काढायचे, तेही वकिली, कायदेमंडळ आणि चळवळ सांभाळून, एक पैसाही न घेता. लेखक एकटा, नियतकालिक स्वतःचं, वाचकांशी थेट नातं: रचना बघितली तर ‘निबंधमाले’सारखीच. फरक वर्गणीदारात होता. ज्याच्यासाठी पत्र काढलं त्याला बहुधा वाचता येत नव्हतं, आणि येत असलं तरी वर्षाची वर्गणी एकरकमी काढणं जड होतं. वाड्यावस्तीत एक अंक यायचा, एकजण वाचायचा, बाकीचे ऐकायचे. ऐकणाऱ्याची वर्गणी नसते. म्हणजे पत्राचा प्रभाव जितका वाढत होता तितकं उत्पन्न वाढत नव्हतं.

1928 च्या फेब्रुवारीत बाबासाहेबांनी यावर एक अग्रलेखच लिहिला. ‘बहिष्कृत भारत’चं ऋण हे समाजावरचं ऋण मानायचं की नाही, असा त्याचा रोख होता. संशोधक म्हणून मला हा अग्रलेख फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात वर्गणीची भाषाच बदलते. विष्णुशास्त्र्यांच्या काळची विनंती ही व्यवहाराची होती: अंक घेतलात, पैसे द्या. इथे प्रश्न असा आहे की आपल्यासाठी बोलणारं पत्र चालू ठेवण्याची जबाबदारी कुणाची. ती मागणी एका ग्राहकाला केलेली नाही, सबंध समाजाला केलेली आहे.

तरीही 15 नोव्हेंबर 1929 ला ते बंद पडलं. अडीच वर्षांहून थोड्या जास्त काळात 34 अंक निघाले. पाक्षिक नियमित निघतं तर साठाहून जास्त व्हायला हवे होते.

34 आणि 84

आता हे दोन आकडे शेजारी ठेवा. ‘निबंधमाला’ 84, ‘बहिष्कृत भारत’ 34. एखादा घाईतला विद्यार्थी यावरून काय लिहील? पहिलं जास्त वाचलं गेलं, दुसऱ्याला प्रतिसाद कमी होता. नियतकालिकांच्या इतिहासात असं सर्रास लिहिलं जातं: ‘अल्पावधीत बंद पडले’, ‘वाचकांचा पाठिंबा लाभला नाही’. हे वाक्य वाचलं की मला राग येतो, कारण त्यात पाठिंबा आणि पैसा एकच धरलेले असतात. महाडच्या तळ्यावर जमलेली हजारो माणसं हा पाठिंबाच होता. तो मनिऑर्डरनं येत नव्हता, इतकंच.

बंद पडण्याचा अर्थही तपासून घ्यावा लागतो. ‘निबंधमाला’ 1881 मध्ये थांबली तेव्हा विष्णुशास्त्री शाळा, छापखाना आणि ‘केसरी’त गुंतले होते. ‘बहिष्कृत भारत’ थांबल्यावर एका वर्षानं, 24 नोव्हेंबर 1930 ला, ‘जनता’ सुरू झालं आणि ते 1956 मध्ये ‘प्रबुद्ध भारत’ होईपर्यंत टिकलं. दोन्हीकडे अंक थांबला, काम थांबलं नाही.

आणखी एक परिणाम आहे, जो थेट आपल्यापर्यंत येतो. वर्गणीदार घरात फाईल ठेवतो. त्याचा नातू ती ग्रंथालयाला देतो. ग्रंथालय बांधणी करून कपाटात ठेवतं. शंभर वर्षांनी आपण तिथे जातो आणि जे सापडतं त्याला ‘त्या काळची मराठी विचारपरंपरा’ म्हणतो. ज्या पत्राचा अंक दहाजणांच्या हातून फिरून फाटला, त्याची फाईल कुठून येणार? म्हणजे वर्गणी कोण भरत होतं यावर नुसतं तेव्हाचं छापणं ठरलं नाही, आज आपल्याला काय वाचायला मिळतं तेही ठरलं.

मग करायचं काय?

नियतकालिकावर काम सुरू करणार असाल तर मजकुराच्या टिपणवहीशेजारी दुसरी एक वही ठेवा. तिच्यात एवढंच लिहा:

1. वर्गणीचा दर, आगाऊ आणि मागाहूनचा वेगवेगळा. दर बदलला तर कोणत्या अंकापासून, आणि त्यासाठी संपादकानं कारण काय दिलं.

2. टपाल हशील वर्गणीत धरलं आहे की वेगळं. यावरून बाहेरगावचे वाचक किती महत्त्वाचे होते याचा अंदाज येतो.

3. पैसे पोचल्याच्या यादीतली गावं. आडनावांवरून जात ठरवायची घाई करू नका, पण गावं नकाशावर मांडा. रेल्वे आणि कचेऱ्यांचा नकाशा शेजारी ठेवलात तर बरंच काही बोलेल.

4. वर्गणीशिवाय आलेला पैसा: देणगी, जाहिरात, संस्थानिकाची मदत, संपादकाचा स्वतःचा पगार.

5. उशिरा निघालेले आणि जोडअंक. हे बहुतेक वेळा हिशेबाचे डाग असतात.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. जुन्या बांधणीत मुखपृष्ठं आणि जाहिरातीची पानं काढून टाकायची पद्धत होती, आणि वर्गणीचा सगळा तपशील नेमका तिथेच असतो. पुस्तकरूपानं आलेल्या आवृत्त्यांत तर तो जवळजवळ नसतोच. ग्रंथरूपातली ‘निबंधमाला’ वाचून तिचे वर्गणीदार कळणार नाहीत. त्यामुळे एकाच नियतकालिकाच्या दोन-तीन ग्रंथालयांतल्या फाईली बघा. पुणे नगर वाचन मंदिरातल्या बांधणीत जे पान गेलेलं असेल ते ठाण्याच्या किंवा मुंबईच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात कदाचित शाबूत असेल. सुटे, न बांधलेले अंक दिसले तर ते आधी मागा. ग्रंथपाल म्हणतील, ‘याची चांगली बांधलेली प्रत आहे की!’ तरी सुटेच मागा.